दिलेली माहिती पुरेशी आहे काय?

(संख्यांच्या गुणधर्मांवरील उदाहरणांचा पाठ : इयत्ता पाचवी ते सातवीस गणित शिकविणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी)

प्रास्ताविक

अंकगणिताच्या उदाहरणांविषयी एक गोष्ट मुलांनी कोणी न सांगताच हेरलेली असते. ती अशी की, उदाहरणात जेवढ्या संख्या दिलेल्या असतात तेवढ्या सर्व उत्तरासाठी लागतात आणि उत्तर हमखास निघते. त्यामुळे मूल उदाहरण वाचीत नाही. ते त्यातील संख्या वेचते, आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपैकी जी क्रिया त्या आठवड्यात शिकविली असेल ती करून मोकळे होते. उत्तर बरोबर आले म्हणजे उदाहरण समजले, असे आपणही धरून चालतो.

सुमारे १९८० साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील गणितशिक्षणाच्या अभ्यासकांनी प्राथमिक शाळेतील मुलांस एक प्रश्न घातला होता. 'एका जहाजावर २६ मेंढ्या व १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?' ज्या ९७ मुलांना हा प्रश्न विचारला त्यांपैकी ७६ मुलांनी दिलेल्या संख्यांची काही तरी जुळवाजुळव करून कप्तानाचे वय सांगितले. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच, आणि ते दिलेल्या संख्यांतूनच काढावयाचे असते, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली होती. आपल्या वर्गात हाच प्रश्न गावच्या होडीचा व तांडेलाचा करून घालून पाहावा. जे दिसेल त्याचा दोष मुलांच्या माथी मारता येणार नाही.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक येथे नमूद करतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका खेड्यातील शाळेत पाचवीच्या मुलांस मी तोंडी उदाहरणे घालीत होतो. एका संख्येला ४ ने निःशेष भाग जातो व ६ नेही जातो, तर तिला २४ ने निःशेष भाग जाईल काय, असा प्रश्न होता. सर्व मुलांनी पाटीवर 'होय' असे लिहिले. मागच्या रांगेतील एका मुलाने मात्र 'सांगता येत नाही' असे लिहिले. मी ते उत्तर चूक ठरविले आणि 'न येणाऱ्याने असेच लिहावे' असे म्हणून पुढे गेलो. घरी वह्या तपासताना १२ ही संख्या डोळ्यांसमोर आली. तिला ४ ने भाग जातो, ६ नेही जातो, पण २४ ने जात नाही. सबंध वर्गात तो एकच मुलगा बरोबर होता. दुसऱ्या दिवशी मी फळ्याजवळ उभा राहून माझी चूक कबूल केली. परंतु त्यानंतर वर्षभर त्या मुलाने कोणत्याही उदाहरणाखाली 'सांगता येत नाही' असे पुन्हा लिहिले नाही. इतरांकडे पाहून तो 'होय' लिही. एका वाक्याने मी त्याच्याकडून काय काढून घेतले हे मला तेव्हा कळले. पुढील पाठ त्या अनुभवातून तयार झालेला आहे.

पाठाचा हेतू

(१) प्रश्न सोडविण्यापूर्वी तो सोडविण्यास लागणारी माहिती मिळाली आहे किंवा नाही, हे पाहण्याची सवय मुलांस लावणे.
(२) सम, विषम, मूळ संख्या, विभाज्यता, लघुतम साधारण विभाज्य व बाकी यांविषयी जे पाठ केलेले ज्ञान आहे, ते वापरावयास लावणे.
(३) 'माहिती अपुरी आहे' हे उत्तर म्हणजे अज्ञानाची कबुली नसून तेही सिद्ध करावयाचे असते, हे मुलांच्या मनावर बिंबविणे.

शिष्यवृत्ती परीक्षेत संख्यांच्या गुणधर्मांवर प्रश्न असतातच. पुढे बँकांच्या नोकऱ्यांसाठी व व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी होणाऱ्या परीक्षांत तर 'माहिती पुरेशी आहे काय' असाच एक स्वतंत्र प्रकार असतो. आपल्या गावातील मुलास हा प्रकार पंचविसाव्या वर्षी शहरातील शिकवणीवर्गात प्रथम भेटावा याचे कारण नाही. त्याला लागणारे सर्व गणित सहावीपर्यंत झालेले असते.

पूर्वज्ञान

पाठ घेण्यापूर्वी पुढील गोष्टींची उजळणी करून घ्यावी. सम व सम यांची बेरीज सम, विषम व विषम यांची बेरीज सम, आणि सम व विषम यांची बेरीज विषम असते. गुणाकारात एक जरी अवयव सम असला तरी गुणाकार सम होतो. २, ३, ४, ५, ६, ९ व १० यांच्या विभाज्यतेच्या कसोट्या आणि १ ते ५० मधील मूळ संख्या तोंडपाठ असाव्यात. तीन गोष्टी विशेषेकरून विचाराव्यात, कारण मुले नेमकी तेथेच अडखळतात. शून्य ही संख्या सम आहे. १ ही संख्या मूळही नाही व संयुक्तही नाही. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे.

प्रश्नाचे स्वरूप

या प्रकारात एक प्रश्न व त्याखाली दोन विधाने असतात. प्रश्नाचे उत्तर काढून दाखवावयाचे नसते. दिलेल्या विधानांवरून ते निश्चितपणे काढता येईल किंवा नाही, एवढेच ठरवावयाचे असते. निर्णय पुढील पाचांपैकी एक असतो.

(क) केवळ पहिले विधान पुरेसे आहे. दुसरे एकटे पुरेसे नाही.
(ख) केवळ दुसरे विधान पुरेसे आहे. पहिले एकटे पुरेसे नाही.
(ग) दोन्ही विधाने एकत्र घेतली तरच माहिती पुरेशी होते.
(घ) प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आहे.
(च) दोन्ही विधाने एकत्र घेऊनही माहिती अपुरी राहते.

'पुरेसे' या शब्दाचा अर्थ प्रथमच स्पष्ट करावा. उत्तर एकच आणि निश्चित असले म्हणजे माहिती पुरेशी. प्रश्न 'किती?' असा असेल तर एकच किंमत निघाली पाहिजे. प्रश्न 'आहे काय?' असा असेल तर उत्तर नेहमी 'होय' किंवा नेहमी 'नाही' आले पाहिजे. निश्चित 'नाही' हेदेखील निश्चित उत्तरच होय. 'नाही' आले म्हणजे विधान निरुपयोगी, असे पुष्कळ मुलांस वाटते. ही समजूत पहिल्याच तासाला दूर करावी.

सोडविण्याची रीत

पहिली पायरी : प्रश्न 'किती'चा आहे की 'आहे काय'चा आहे हे ठरवावे. संख्या कोणत्या प्रकारची आहे, म्हणजे ती पूर्ण संख्या आहे, मूळ आहे की दोन अंकी आहे, हे अधोरेखित करावे.

दुसरी पायरी : दुसरे विधान पाटीने झाकून केवळ पहिल्याचा विचार करावा.

तिसरी पायरी : आता पहिले विधान झाकावे. त्यात काय सांगितले होते ते पूर्णपणे विसरून केवळ दुसऱ्याचा विचार करावा. मुलांच्या चुका बहुधा याच ठिकाणी होतात. पहिल्या विधानातील गोष्ट ती नकळत बरोबर घेऊन येतात. म्हणून विधान खरोखरच झाकण्याचा आग्रह धरावा. 'मनात झाका' असे सांगून भागत नाही.

चौथी पायरी : दोन्ही विधाने एकेकटी अपुरी ठरली तरच ती एकत्र घ्यावीत.

यात दोन प्रकारचे पुरावे लागतात, आणि त्यांतील भेद हे या पाठाचे मर्म आहे. माहिती अपुरी आहे हे दाखविण्यास दोन उदाहरणे पुरतात. एकात उत्तर एक यावे व दुसऱ्यात वेगळे यावे. माहिती पुरेशी आहे हे दाखविण्यास मात्र कितीही उदाहरणे घेतली तरी ती पुरत नाहीत. तेथे कारण सांगावे लागते. ऑयलर या गणितज्ञाने १७७२ मध्ये एक सूत्र दिले होते. कोणतीही संख्या घ्यावी, तिच्या वर्गातून तीच संख्या वजा करावी व ४१ मिळवावे. १ पासून ४० पर्यंत कोणतीही संख्या घेतली तरी उत्तर मूळ संख्याच येते. चाळीस उदाहरणे बरोबर आल्यावर कोणाचाही विश्वास बसेल. परंतु ४१ ही संख्या घेतल्याबरोबर उत्तर ४१ × ४१ येते आणि ते मूळ नाही. मुलाने 'मी पाच संख्या घेऊन पाहिल्या' असे सांगितले म्हणजे त्यास शाबासकी द्यावी आणि लगेच विचारावे, 'सहावीचे काय?'

सोडविलेली उदाहरणे

उदाहरण १. पेणजवळच्या हमरापूर, जोहे इत्यादी गावांत गणपतीच्या मूर्तींचे कारखाने आहेत. त्यांपैकी एका कारखान्यात काही मूर्ती रंगवून तयार आहेत. मूर्तींची संख्या सम आहे काय?
विधान १ : पाच-पाचच्या रांगा लावल्यास एकही मूर्ती उरत नाही.
विधान २ : सहा-सहाच्या रांगा लावल्यास तीन मूर्ती उरतात.

पहिल्या विधानावरून संख्या १५ असू शकेल किंवा २० असू शकेल. एक विषम आहे व दुसरी सम आहे. म्हणून हे विधान अपुरे. आता ते झाकून दुसरे पाहू. सहाच्या पूर्ण रांगांतील मूर्तींची संख्या नेहमी सम असते. तीत तीन, म्हणजे विषम संख्या मिळविली, तर बेरीज नेहमी विषम होते. मूर्तींची संख्या सम आहे काय, याचे उत्तर निश्चितपणे 'नाही' असे आले. म्हणून दुसरे विधान पुरेसे आहे. निर्णय (ख). मूर्ती नेमक्या किती आहेत हे आपणास अद्याप ठाऊक नाही, आणि ते विचारलेलेही नाही. हे वाक्य मुलांकडून वदवून घ्यावे.

उदाहरण २. एका शाळेत वर्गाचा पट किती आहे?
विधान १ : पट २० हून अधिक व ४० हून कमी असून मुलांचे सात-सातचे गट बरोबर पडतात.
विधान २ : चार-चारचे गट केल्यास तीन मुले उरतात.

पहिल्या विधानावरून पट २१, २८ किंवा ३५ असेल. तीन किंमती निघाल्या, म्हणून अपुरे. दुसऱ्यावरून पट ३, ७, ११, १५ याप्रमाणे कितीही असेल; हेही अपुरे. आता दोन्ही एकत्र घेऊ. २१ ला ४ ने भागल्यास बाकी १ राहते, २८ ला भागल्यास शून्य राहते आणि ३५ ला भागल्यास ३ राहते. म्हणून पट ३५. निर्णय (ग).

येथे थांबून मुलांस एक प्रश्न विचारावा. पहिल्या विधानातील 'पट २० हून अधिक व ४० हून कमी' हे शब्द गाळले तर काय होईल? मग ७, ३५, ६३ अशा अनेक संख्या दोन्ही अटी पाळतात आणि निर्णय (च) होतो. चार शब्दांनी उत्तर बदलले. बाक्यांवरून संख्या शोधण्याची ही विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. ४९९ साली रचलेल्या आर्यभटीयात व ११५० च्या सुमारास भास्कराचार्यांनी लिहिलेल्या लीलावतीत तिचे विवेचन असून तिला कुट्टक असे नाव आहे. तेथेही एक उत्तर सापडले की त्यावरून पुढची अनंत उत्तरे कशी मिळतात हे दाखविलेले असते. उत्तर एक की अनेक, हा प्रश्न म्हणजे आजचे नवे खूळ नव्हे.

उदाहरण ३. रोह्याच्या बाजारात एका व्यापाऱ्याकडे भाताची काही पोती आहेत. प्रत्येक खेपेस बरोबर २४ पोती नेणाऱ्या टेम्पोच्या पूर्ण खेपांत सर्व पोती जातील काय?
विधान १ : चार-चार पोत्यांच्या थप्प्या लावल्यास एकही पोते उरत नाही.
विधान २ : सहा-सहा पोत्यांच्या थप्प्या लावल्यास एकही पोते उरत नाही.

माझी चूक झाली ती याच ठिकाणी. पहिल्या विधानास ४ व २४ या दोन्ही संख्या लागू पडतात. दुसऱ्यास ६ व २४ लागू पडतात. म्हणून दोन्ही एकेकटी अपुरी. एकत्र घेतल्यास '४ × ६ = २४' असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु पोती १२ असतील तर दोन्ही विधाने खरी ठरतात आणि टेम्पो अर्धाच भरतो; २४ असतील तर पुरा भरतो. म्हणून दोन्ही मिळूनही माहिती अपुरी. निर्णय (च).

असे का झाले? ४ व ६ या दोहोंत २ हा अवयव समाईक आहे; तो दोनदा मोजला गेला. दोन्ही विधानांतून मिळते ते लघुतम साधारण विभाज्याचे, म्हणजे १२ चे आश्वासन, गुणाकाराचे नव्हे. याच उदाहरणात चार व सहा यांच्या जागी तीन व आठ घालून पाहावे. ३ व ८ यांत १ खेरीज समाईक विभाजक नाही, म्हणून त्यांचा लघुतम साधारण विभाज्य २४ च येतो आणि निर्णय (ग) होतो. ल. सा. वि. काढण्याची रीत मुले यंत्रवत् करतात. तो काढावयाचा कशासाठी, हे या एका उदाहरणाने त्यांस जितके कळते तितके वीस उदाहरणांच्या सरावानेही कळत नाही.

उदाहरण ४. अ व ब या दोन मूळ संख्या आहेत. त्यांचा गुणाकार किती?
विधान १ : अ व ब यांची बेरीज २५ आहे.
विधान २ : अ व ब यांतील फरक २१ आहे.

एक समीकरण व दोन अज्ञात संख्या पाहून थोडेफार बीजगणित आलेली मुले लगेच (ग) म्हणतात. त्यांना 'मूळ' या शब्दाची आठवण करून द्यावी. २५ ही विषम संख्या आहे. म्हणून अ व ब यांपैकी एक सम व दुसरी विषम असली पाहिजे. सम मूळ संख्या २ हीच. म्हणून दुसरी २३, आणि ती मूळ आहे. गुणाकार ४६. पहिले विधान एकटे पुरेसे आहे. दुसऱ्या विधानात फरक विषम आहे. म्हणून येथेही एक संख्या २ आणि दुसरी तिच्याहून २१ ने मोठी, म्हणजे २३. तेही पुरेसे आहे. निर्णय (घ). याउलट बेरीज २४ दिली असती तर ५ व १९, ७ व १७, ११ व १३ अशा तीन जोड्या निघाल्या असत्या आणि ते विधान अपुरे ठरले असते.

उदाहरण ५. न ही संख्या कोणती?
विधान १ : न ही सम मूळ संख्या आहे.
विधान २ : न ने ४ ला निःशेष भाग जातो.

पहिल्यावरून न = २, दुसरे काही संभवत नाही. दुसऱ्यावरून न ही १, २ किंवा ४ असू शकेल. निर्णय (क). पहिल्या विधानात एकही अंक दिलेला नाही, तरी ते पुरेसे आहे. दुसऱ्यात अंक आहे, तरी ते अपुरे आहे. संख्या वेचून उत्तर जुळविणाऱ्या मुलास हे उदाहरण मुद्दाम घालावे.

वर्ग चालविण्याविषयी

आपल्याकडील पुष्कळ शाळा द्विशिक्षकी आहेत आणि एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. हा पाठ अशा वर्गास अडचणीचा न होता उलट सोयीचा होतो. वर्गाचे दोन पक्ष करावेत. प्रश्न व एक विधान फळ्यावर लिहावे. एका पक्षाने ज्यात उत्तर 'होय' येईल अशी संख्या शोधावी. दुसऱ्याने ज्यात 'नाही' येईल अशी शोधावी. दोघांसही संख्या सापडली तर विधान अपुरे, हे वेगळे सांगावे लागत नाही. एका पक्षास कितीही शोधून सापडली नाही, तर त्या पक्षास हरले असे म्हणू नये. 'का सापडत नाही?' असा प्रश्न त्यांसच विचारावा. त्याचे उत्तर म्हणजेच विधान पुरेसे असल्याचे कारण होय. लहान मुलांनी चिंचोके किंवा खडे मांडून संख्या शोधाव्यात व मोठ्यांनी कारणे द्यावीत, अशी वाटणी केली म्हणजे प्रत्येकास काम मिळते. यासाठी पैशाचे साहित्य लागत नाही.

प्रत्येक मुलाने पाटीवर 'होय', 'नाही' व 'सांगता येत नाही' यांपैकी एक लिहून पाटी एकाच वेळी वर करावी. 'सांगता येत नाही' असे लिहिणाऱ्यास 'कशावरून?' असे विचारावे, आणि त्याने दोन उदाहरणे दिली तर त्याचे उत्तर फळ्यावर मानाने लिहावे. दोन उदाहरणे देता आली नाहीत तर मात्र ते उत्तर स्वीकारू नये. केवळ कंटाळ्याने लिहिलेले 'सांगता येत नाही' आणि तपासून लिहिलेले 'सांगता येत नाही' यांत जो फरक आहे तो मुलांस अशाने कळतो.

पाठासाठी तीन तासिका पुरतात. पहिलीत 'पुरेसे' या शब्दाचा अर्थ व उदाहरण १, दुसरीत उदाहरणे २ व ३, आणि तिसरीत ४ व ५ घ्यावीत. सराव दररोज एका उदाहरणाचा, परिपाठानंतर तोंडी घ्यावा.

शिक्षकांनी स्वतः उदाहरणे तयार करताना एक पथ्य पाळावे. दोन विधाने परस्परविरोधी असता कामा नयेत. 'संख्या ३ ने विभाज्य आहे' आणि 'संख्येस ६ ने भागल्यास बाकी १ राहते' ही दोन विधाने एका वेळी खरी होऊच शकत नाहीत. असे उदाहरण मुलांस दिल्यास गोंधळ होतो. यावर सोपा उपाय असा की, आधी मनात एक संख्या धरावी आणि तिला लागू पडतील अशीच दोन विधाने लिहावीत. उदाहरण १ रचताना ४५ ही संख्या धरली होती.

सरावासाठी उदाहरणे

१. न ही पूर्ण संख्या आहे. न सम आहे काय? (१) न ची तिप्पट सम आहे. (२) न व न ची तिप्पट यांची बेरीज सम आहे.

२. एका दोन अंकी संख्येस ९ ने निःशेष भाग जातो काय? (१) तिच्या अंकांची बेरीज ९ आहे. (२) तिच्या अंकांची अदलाबदल करून मिळणाऱ्या संख्येस ९ ने निःशेष भाग जातो.

३. न ही मूळ संख्या आहे. न किती? (१) न ही २० व ३० यांच्या दरम्यान आहे. (२) न ला ५ ने भागल्यास बाकी ३ राहते.

४. न ही ३६ ने विभाज्य आहे काय? (१) न ही १२ ने विभाज्य आहे. (२) न ही १८ ने विभाज्य आहे.

५. अ व ब या पूर्ण संख्या असून अ मोठी आहे. त्यांचा गुणाकार विषम आहे काय? (१) त्यांची बेरीज सम आहे. (२) त्यांची वजाबाकी सम आहे.

६. न ही पूर्ण वर्ग संख्या आहे काय? (१) न विषम आहे. (२) न च्या एकंस्थानी ७ आहे.

उत्तरे व खुलासा

१. (क). ३ विषम असल्यामुळे तिप्पट सम होण्यास न सम असलाच पाहिजे. दुसऱ्या विधानातील बेरीज म्हणजे न ची चौपट. ती नेहमीच सम असते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

२. (घ). अंकांची बेरीज ९ असली म्हणजे कसोटीप्रमाणे भाग जातो. अंकांची अदलाबदल केल्याने त्यांची बेरीज बदलत नाही, म्हणून दुसरे विधानही पुरेसे.

३. (ग). पहिल्यावरून २३ किंवा २९. दुसऱ्यावरून ३, १३, २३, ४३ इत्यादी. एकत्र घेतल्यास केवळ २३.

४. (ग). १२ व १८ यांचा लघुतम साधारण विभाज्य ३६ आहे. उदाहरण ३ शी तुलना करून दाखवावी. समाईक विभाजक असला म्हणजे माहिती नेहमीच अपुरी, अशी नवी चुकीची समजूत होऊ देऊ नये.

५. (च). ४ व २ घेतल्यास गुणाकार सम, ५ व ३ घेतल्यास विषम. दोन्ही विधाने एकच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत सांगतात. बेरीज सम असली की वजाबाकीही सम असतेच. दोन साक्षीदार एकाच घरचे असले म्हणजे पुरावा दुप्पट होत नाही.

६. (ख). कोणत्याही पूर्ण वर्गाच्या एकंस्थानी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ येतो. ७ कधीच येत नाही. उत्तर निश्चित 'नाही', म्हणून विधान पुरेसे. पहिल्या विधानास ९ व १५ या दोन्ही संख्या लागू पडतात.

समारोप

संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास हे मोठ्या विद्यापीठांतील पंडितांचेच काम आहे असे कोणी समजू नये. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळाली येथे शाळाशिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेला ६१७४ या संख्येचा गुणधर्म आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर तीच क्रिया पुनःपुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४, आणि त्यापुढे तीच संख्या येत राहते. यासही एक अट आहे. सर्व अंक सारखे असता कामा नयेत. ११११ घेतल्यास शून्य येऊन खेळ तेथेच संपतो. अट कोणती व ती का लागते हे पाहणे म्हणजेच माहिती पुरेशी आहे किंवा नाही हे पाहणे.

आपल्या या दोन तालुक्यांस गणिताचे वावडे नाही. पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेल्या विनोबांची गणिताची आवड प्रसिद्धच आहे. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले व पुढे १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री होते. परंतु या पाठाचा उपयोग नामांकित होणाऱ्यांपुरता नाही. आपल्या वर्गातील बहुतेक मुले पुढे शेती करतील, कारखान्यात जातील, मूर्ती घडवितील किंवा दुकान मांडतील. कर्जाचा कागद, जमिनीचा व्यवहार किंवा औषधाची जाहिरात त्यांच्यापुढे येईल तेव्हा 'यावर सही करण्याइतकी माहिती मला मिळाली आहे काय?' असा प्रश्न त्यांस पडला पाहिजे. जो मुलगा वर्गात 'अजून सांगता येत नाही, आणखी काय हवे ते मी सांगतो' असे निर्भयपणे म्हणू शकतो, तो तेथेही तसे म्हणेल. वर्गात ज्याला आपण गप्प बसविले तो मात्र बहुधा सही करील.

शिक्षकबंधुभगिनींनी आपल्या गावच्या व्यवहारावरून या प्रकारची दोन-दोन उदाहरणे तयार करून केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत आणावीत. ती एकमेकांच्या वर्गांत घालून पाहावीत, आणि मुलांनी जी अनपेक्षित उत्तरे दिली असतील ती अवश्य टिपून ठेवावीत. चूक म्हणून लाल रेघ ओढण्यापूर्वी त्या उत्तराखाली स्वतः एकदा १२ सारखी एखादी संख्या मांडून पाहावी, एवढीच विनंती.